नासलेल्या पिंपाचा छडा लावला अन् पाश्चरला जंतू सापडले

गोष्ट आहे १८५६ सालची. फ्रान्समधल्या लील शहरात बीटापासून अल्कोहोल बनवणारे बिगो पार वैतागले होते. पिंपातला रस नीट आंबायच्या ऐवजी नासत होता.

त्यांचा मुलगा ज्यांच्याकडे शिकायचा, ते प्राध्यापक म्हणजे लुई पाश्चर. कातडी कमावणाऱ्या बापाचा हा पोरगा. त्यांनी मायक्रोस्कोप लावला. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी दिसल्या, नासलेल्यात मात्र बारीक काड्यांसारखे जीव. तेच साखरेचं लॅक्टिक आम्ल करत होते.

तोवर मोठमोठे शास्त्रज्ञ आंबणं ही निव्वळ रासायनिक क्रिया मानायचे. पाश्चरनी दाखवून दिलं, हे जिवंत यीस्टचं काम आहे. पुढे वाइन बेताची तापवून टिकवायची युक्तीही त्यांनीच काढली.

१८९५ मध्ये ते गेले. पण दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ म्हणून त्यांचं नाव आजही रोज आपल्या घरी येतं.