जमिनीत करंट सोडून आतलं ‘बघणारे’ कॉनराड श्लुंबर्जे

आमच्या सिंदेवाहीकडे बोअर मारायच्या आधी हातावर नारळ ठेवून पाणी बघणारे अजूनही येतात. आमच्या धानाच्या बांधीत असे दोन बोअर कोरडे गेले. तिसऱ्या वेळी लोखंडी खुंट्या, वायरची रिळं आणि बॅटरी घेऊन माणसं आली. त्यांच्या वहीत वर श्लंबर्जर असं लिहिलं होतं. मला वाटलं मशीनची कंपनी असेल. पण तो एक माणूस होता.

कॉनराड श्लुंबर्जे (फ्रेंच उच्चार साधारण असा, आपल्याकडे सगळे श्लंबर्जरच म्हणतात) यांचा जन्म १८७८ चा, अल्सासमधल्या गेबविलर गावचा. घराणं कापडधंद्यातलं. हे मात्र पॅरिसच्या खाणशास्त्राच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. डोक्यात एकच प्रश्न: न खोदता जमिनीच्या आतलं कसं कळणार? त्यांनी चक्क आंघोळीचा टब वाळूनं भरला, त्यात करंट सोडला आणि व्होल्टेज कुठं किती आहे ते मोजलं. मग १९१२ मध्ये नॉर्मंडीत घरच्याच जमिनीवर तोच प्रयोग केला.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं, काम थांबलं. १९१९ मध्ये वडिलांनी कॉनराड आणि धाकटा भाऊ मार्सेल यांना ५ लाख फ्रँकपर्यंत पैसे द्यायचं कबूल केलं. अट अशी की आधी संशोधन, नफा नंतर. असा इन्व्हेस्टर आज कुठल्या स्टार्टअपला मिळतो सांगा!

पद्धत सोपी आहे. एका रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा, मधल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. त्यावरून जमिनीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे ती करंटला किती अडवते, ते निघतं. ओल्या चिकणमातीचा आकडा बऱ्याचदा १०० ओहम-मीटरच्या आत, घट्ट कातळाचा हजारोंत. बाहेरच्या खुंट्या लांब नेत गेलं की करंट आणखी खोल जातो. मधल्या दोन जवळजवळ ठेवायच्या, ही मांडणी त्यांच्याच नावानं चालते.

१९२७ मध्ये पेशेलब्रॉनच्या तेलविहिरीत त्यांच्या टीमनं हीच मोजणी विहिरीच्या आत उतरवली आणि पुढं त्यांची कंपनी तेलाच्या धंद्यात प्रचंड मोठी झाली. मे १९३६ मध्ये, सोव्हिएत रशियाहून परतताना, कॉनराड स्टॉकहोममध्ये वारले.

खुंट्यांची पद्धत मात्र बोगदे खोदणाऱ्यांनीही उचलली. बोगद्याची रेषा ठरली की तिच्यावरून मोजत जायचं. कातळात मध्येच आकडा घसरला तर तिथं खडक फुटलेला असेल, पाणी असेल किंवा माती. नेमकं काय, हे आकडा सांगत नाही. आपल्या लॉग फाइलसारखंच, एरर कुठं आला ते दिसतं, का आला ते शोधावं लागतं. म्हणून तिथं ड्रिल करून नमुना काढतातच. पण शंभर ठिकाणी ड्रिल करण्याऐवजी मोजक्या ठिकाणी. बोगद्यात पाणी काय करतं ते जुलै २०२४ मध्ये दिसलं. पेडण्याच्या बोगद्यात पाणी झिरपलं आणि कोकण रेल्वे बंद पडली होती.

आमच्या तिसऱ्या बोअरला पाणी लागलं. उन्हाळ्यात मोटर अर्धा तासच चालते, पण चालते.