वनस्पतीच्या हाती लेखणी

लाजाळूच्या रोपाला हलकेच बोट लावले की त्याची पाने पटापट मिटतात. त्याच्या शेजारचे गाजराचे रोप मात्र स्तब्ध उभे असते. मग गाजराला आपल्या स्पर्शाची दखलच नसते काय? हा प्रश्न एका भारतीय पदार्थविज्ञानवेत्त्याने वनस्पतीलाच विचारला आणि तिचे उत्तर तिच्याकडूनच लिहवून घेतले. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. अशा घरांतील मुले तेव्हा इंग्रजी शाळेत जात. परंतु भगवानचंद्रांनी मुलाला मुद्दाम बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्यांची व शेतकऱ्यांची मुले त्याचे सोबती झाली. पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकता ऐकता या बालकाच्या मनात निसर्गाविषयी कुतूहल जागे झाले.

पुढे कलकत्त्यास शिक्षण घेऊन १८८० साली जगदीशचंद्र वैद्यकाच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. परंतु तापाने त्यांना जेरीस आणले, आणि तो अभ्यास सोडून त्यांनी केंब्रिज येथे विज्ञानाचे अध्ययन केले. परत आल्यावर १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी, म्हणून त्यातही निम्मी कपात झाली. हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. त्यांनी शिकवण्यात कसूर केली नाही; मात्र तीन वर्षे वेतनाच्या एका पैशालाही हात लावला नाही. घरी वडिलांच्या कर्जाचा भार असतानाही ते डगमगले नाहीत. अखेर सरकारने पूर्ण वेतन मान्य केले आणि मागील बाकीही चुकती केली.

१८९४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचा निश्चय केला. कॉलेजात सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. जेमतेम २४ चौरस फुटांच्या एका खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून, त्यांनी स्वतःची उपकरणे घडवली. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्-लहरी भिंतींतून पलीकडे पाठवल्या आणि दूर ठेवलेल्या दारूचा स्फोट घडवून आणला. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे.

या लहरींवर काम करीत असताना त्यांना एक नवल दिसले. लहरी टिपणारे धातूचे उपकरण सतत वापरल्यास मंद होई आणि थोडी विश्रांती दिल्यास पुन्हा तरतरीत होई. थकलेल्या स्नायूचेही असेच नाही का? निर्जीव धातू आणि प्राण्यांचे स्नायू यांच्यात जर हे साम्य आहे, तर दोहोंच्या मध्ये असलेल्या वनस्पतीत ते का नसावे? पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक आता वनस्पतींकडे वळला. त्यांनी पाने, गाजरे, मुळे घेऊन प्रयोग केले. टोचताच किंवा पीळ देताच त्या प्रत्येकात विजेचे सूक्ष्म स्पंदन उमटे. आणि विष दिल्यावर ते स्पंदन मावळे.

१९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे निष्कर्ष मांडले. परंतु तेथील नामवंत शरीरशास्त्रज्ञांना ते रुचले नाही. पदार्थविज्ञानवेत्त्याने आपल्या विषयाची मर्यादा ओलांडू नये, असे त्यांचे मत पडले. निबंधातील विधाने सौम्य करावीत अशी सूचना झाली. प्रयोगांनी जे दाखवले ते बदलण्यास जगदीशचंद्रांनी नकार दिला. सोसायटीने निबंध प्रसिद्ध केला नाही.

वाद घालून हा प्रश्न सुटणार नव्हता. वनस्पतीनेच साक्ष द्यावयास हवी होती. पण लाजाळूच्या नाजूक पानाला लेखणी बांधली, तर कागदाच्या घर्षणानेच त्याची हालचाल खुंटे. जगदीशचंद्रांनी यावर सुंदर तोड काढली. त्यांनी लेखणी सतत कंप पावती ठेवली. ती काजळी धरलेल्या काचेला सारखी घासत न राहता केवळ टिंबे उमटवी. कंपाचा वेग ठाऊक असल्याने दोन टिंबांमधील काळही अचूक कळे. सेकंदाचा हजारावा भागही मोजता येई. पुढे त्यांनी क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र तयार केले. त्यातून रोपाची वाढ सुमारे दहा हजार पट मोठी होऊन दिसे.

ज्या रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध बाजूस सारला होता, तिनेच १९१३ साली लाजाळूवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. १९२० साली क्रेस्कोग्राफविषयी शंका घेतली गेली, तेव्हा जगदीशचंद्रांनी लंडनमध्ये तज्ज्ञांसमोर यंत्र चालवून दाखवले. तज्ज्ञांनी ते अचूक असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षी सोसायटीने त्यांना आपले सभासदत्व बहाल केले. तत्पूर्वी, १९१७ साली आपल्या जन्मदिनी, त्यांनी कलकत्त्यास ‘बोस विज्ञान मंदिर’ स्थापन केले होते. २४ चौरस फुटांच्या खोलीत जी अडचण त्यांनी सोसली, ती पुढच्या तरुणांच्या वाट्याला येऊ नये, ही त्यांची तळमळ होती.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे सारेच सिद्धांत काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. झाडातील रस पेशींच्या स्पंदनांनी वर चढतो, हे त्यांचे मत आज मान्य नाही. मात्र वनस्पतींच्या अंगातून विजेचे संदेश वाहतात, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. आपले म्हणणे प्रयोगाच्या कसोटीवर निर्भयपणे ठेवावे, ही त्यांची शिकवण मात्र कधीही जुनी होणार नाही. यापुढे लाजाळूला बोट लावाल, तेव्हा तिच्या शेजारच्या मुक्या रोपाकडेही क्षणभर पाहा.