लोखंड्यांचा रविवार आणि रजेची शिल्लक

सहामाही संपली की कचेऱ्यांत रजेच्या हिशेबाची चर्चा हमखास सुरू होते. कोणाची किती अर्जित रजा खात्यावर उरली, कोणाची मर्यादेपाशी येऊन थांबली, कोणाची बुडाली, हा विषय मधल्या सुटीत चहाबरोबर रंगतो. केंद्र सरकारच्या नोकराला अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंतच साठवता येते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही मर्यादा तीच आहे. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे रोख वेतन मिळत असल्याने अनेकांच्या लेखी ती रजा राहिलेलीच नसते. ती एक ठेव झालेली असते. साहजिकच साठवणीवरील मर्यादा म्हणजे आपल्या ठेवीवर घातलेला हात, असे नोकराला वाटते. ही भावना कितपत रास्त आहे हे ठरवावयाचे तर हक्काची सुटी मुंबईत प्रथम कोणी आणि कशासाठी मागितली, हे पाहिले पाहिजे. तो इतिहास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चरित्रात आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. माळी समाजातील हे कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातले. घरची स्थिती बेताची असल्याने त्यांचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकले नाही. प्रथम रेल्वेच्या कचेरीत, मग टपाल खात्यात आणि त्यानंतर मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी नोकरी केली. म्हणजे हे गृहस्थ साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते. लेखणी आणि नोंदवही हीच त्यांची हत्यारे होती. परंतु गिरणीच्या कोठारात बसून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालणारा तो व्यवहार त्यांनी जवळून पाहिला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे संस्कार त्यांच्यावर झालेले होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र आर्थिक अडचणीत आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालविण्याची जबाबदारी घेतली. पगाराची नोकरी सोडून तोट्यातील वर्तमानपत्र पत्करणारा हा कारकून असा सार्वजनिक जीवनात आला.

त्या काळच्या गिरण्यांची वेळ घड्याळापेक्षा सूर्यावर अवलंबून असे. दिव्यांची सोय नसल्याने उजाडले की यंत्रे सुरू होत आणि दिसेनासे झाले की थांबत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही अधिक. ठरावीक साप्ताहिक सुटी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राही, पण यंत्रे साफ करण्यासाठी त्या दिवशीही काही तास कामगारांना बोलावले जाई. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘डबल खाडा’ नावाची पद्धतही मुंबईच्या गिरण्यांत दीर्घकाळ रूढ होती. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला खरा. परंतु त्याने पाहिले ते प्रामुख्याने मुलांकडे. ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि महिन्याला ४ सुट्या त्याने दिल्या. प्रौढ पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या विश्रांतीविषयी तो मुका राहिला.

ही उणीव लोखंडे यांनी हेरली. मुंबई सरकारने १८८४ साली गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी कमिशन नेमले, त्या संधीचा त्यांनी तत्काळ उपयोग केला. सप्टेंबरात परळ भागात कामगारांची सभा भरली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. ‘बाँबे मिलहँड्स असोसिएशन’ या संस्थेचा जन्म याच चळवळीतून झाला. निवेदनातील मागण्या आज वाचताना त्यांतील नेमकेपणा मनात भरतो. दर रविवारी सर्वांना सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, तर कायमचा जायबंदी झालेल्याला निर्वाहाची सोय. विश्रांती आणि दुखणे या दोन गोष्टी लोखंडे यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. विश्रांती त्यांनी आठवड्याच्या मापाने मागितली. दुखण्याला मात्र बरे होईपर्यंत हेच एक माप लावले.

हे निवेदन त्या वेळी कायद्यात उतरले नाही. मध्यंतरी एक विचित्र वाद माजला होता. हिंदुस्थानच्या गिरण्यांवर निर्बंध यावेत म्हणून इंग्लंडातील लँकेशायरचे कापड कारखानदार आग्रह धरीत होते, आणि त्यामागे त्यांचा व्यापारी स्वार्थ उघड होता. यामुळे अनेक देशी पत्रांनी फॅक्टरी कायद्यालाच विरोध केला. देशी उद्योग टिकावा ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. परंतु परकीय कारखानदाराचा हेतू दूषित आहे, एवढ्यावरून देशी कामगाराच्या पाठीचा कणा दुखत नाही असे होत नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे मोजके पुढारी आणि लोखंडे यांनी हा विवेक सोडला नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषणे केली, ही त्या काळाच्या मानाने असामान्य घटना होय. रविवारच्या सुटीची मागणी करणारे निवेदन गिरणीमालकांच्या संघाकडे गेले आणि १० जून १८९० रोजी संघाने ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने मराठी कामगाराच्या मनाला तो आपलासा वाटणे स्वाभाविक होते. मात्र या विजयातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तागा मोजून मजुरी घेणाऱ्या विणकराची रविवारची कमाई सुटीमुळे बुडणार होती. तरीही त्याने सुटी मागितली. पैशाहून विश्रांतीची निकड मोठी आहे, असा निर्णय त्या अर्धपोटी माणसांनी स्वतःच घेतला होता.

त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे सहभागी झाले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे अधिष्ठान दिले. स्त्रियांच्या कामाला दिवसाकाठी ११ तासांची सीमा घातली. लोखंडे यांच्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते, असा आक्षेप सरकारी अहवालात नोंदविला गेला. आक्षेप वस्तुस्थितीला धरून होता. परंतु वर्गणी देण्याची ऐपत नसलेल्या माणसांच्या वतीने कोणीतरी अर्ज लिहावा लागतो, ते काम या माणसाने केले.

१८९३ च्या हिंदु-मुसलमान दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला आणि कामगार शहर सोडून गावाकडे धावू लागले. लोखंडे मागे राहिले. प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्याच्या आणि शुश्रूषेच्या कामात ते गुंतले, त्याच रोगाने त्यांना गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशी पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. इतरांसाठी रविवार मिळविणाऱ्या या गृहस्थाच्या वाट्याला स्वतःची विश्रांती आली नाही.

या चरित्राचा रजेच्या शिलकीशी संबंध काय? लोखंडे यांनी मिळविलेला रविवार साठवून ठेवण्याजोगा नव्हता, हेच त्याचे मर्म आहे. ५२ रविवार एकत्र करून वर्षाच्या शेवटी द्या, असे म्हणणारा कामगाराचा हितचिंतक ठरला नसता. थकवा दर आठवड्याला साचतो, म्हणून विश्रांतीही दर आठवड्यालाच हवी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हे तत्त्व नेमके पकडले. पूर्ण सुटीवाचून सलग १० दिवसांहून अधिक काम घेण्यास त्याने मनाई केली. काही कारणाने बुडालेली साप्ताहिक सुटी त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत भरून देण्यास सांगितले. पगारी रजा प्रौढ कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे एक अशी ठरली आणि पुढील वर्षात ओढण्याची सीमा ३० दिवसांची राहिली. तथापि याच कायद्याने एक महत्त्वाचे कलमही जोडले: मागूनही नाकारलेल्या रजेला ही सीमा लागू नव्हती. २०२० च्या श्रमसंहितेनेही ३० दिवसांची सीमा आणि नाकारलेल्या रजेचे संरक्षण या दोन्ही गोष्टी ठेवल्या.

मर्यादेचा न्याय या जोडीत आहे. रजा वेळेवर घेतली जावी म्हणून घातलेली मर्यादा हिताची आहे. पण साहेबाने कामाच्या रेट्याचे कारण देऊन अर्ज परत करावयाचा आणि वर्षअखेरीस मर्यादा दाखवून रजा बुडवावयाची, हा प्रकार सुधारणेच्या नावाखाली केलेली जप्ती होय. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, एका टेबलावर तिघांचे काम पडते, अशा कचेरीत कारकून रजा साठवितो तो केवळ हव्यासाने नव्हे. त्याला ती घेताच येत नाही. तेथे मर्यादेचा जाब नोकराआधी रजा नाकारणाऱ्याने दिला पाहिजे.

दुखण्याचा न्याय मात्र वेगळा आहे. आजार रजेच्या खात्यातील शिल्लक पाहून येत नाही. म्हणूनच केंद्राच्या नियमांत अर्धपगारी रजेच्या साठवणीला अर्जित रजेसारखी सीमा नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही साठवण हा आजारावरचा पुरता उपाय नव्हे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी क्षय जडलेल्या तरुण शिक्षकाच्या खात्यात साठवलेले असे काय असणार? त्याला आधार लागतो तो गरजेप्रमाणे मिळणाऱ्या मदतीचा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला आजारपणाचा भत्ता दिला, तो याच विचाराने. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा, या १८८४ च्या मागणीचे ते अपुरे का होईना, फळ होते.

तेव्हा रजेच्या खात्याकडे पाहण्याची दृष्टी बदलावयास हवी. निवृत्तीच्या दिवशी ३०० दिवसांचे वेतन हाती पडते, याचे समाधान कोणी हिरावून घेऊ नये. परंतु त्या ३०० दिवसांत न झालेल्या भेटी, लांबणीवर टाकलेली औषधे आणि मुलांच्या नजरेआड गेलेले बालपण असते, याचाही हिशेब मांडला पाहिजे. मजुरी बुडवून रविवार मिळविणाऱ्या कामगारांनी तो हिशेब शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला होता. नोकराने रजा मागावी, वरिष्ठाने ती द्यावी, आणि मर्यादा ही या दोघांनाही आपापल्या कर्तव्याची आठवण करून देणारी असावी. लोखंडे यांचे ऋण फेडण्याचा हा साधा मार्ग प्रत्येक कचेरीला आणि प्रत्येक शाळेला खुला आहे.