दोन प्रकाशकणांचे गणित: मारिया गोपर्ट-मायर

फ्रीमाँटहून सुनोलचा चढ ओलांडला की लिव्हरमोर फार दूर राहत नाही. तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७० च्या दशकापासून १९९९ पर्यंत लेसरने युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्याचे काम चालले. लेसरचा रंग इतका नेमका जुळवायचा, की युरेनियम-२३५ च्याच अणूतून इलेक्ट्रॉन सुटावा आणि त्या विद्युतभारित अणूला बाजूला ओढून घेता यावे. प्रकाशाने समस्थानिके वेगळी करण्याचा विचार दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठात करणाऱ्यांत मारिया गोपर्ट-मायर होत्या. तेव्हा लेसर नव्हते. प्रयत्न फळाला आला नाही.

मारियांचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोविट्झ येथे झाला. वडील ग्यॉटिंगेनला बालरोगशास्त्राचे प्राध्यापक. घराण्यात प्राध्यापकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मारिया गणित शिकण्यासाठी विद्यापीठात गेल्या आणि माक्स बॉर्न यांच्या सहवासात भौतिकीकडे वळल्या. १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. एका प्रकाशकणाची ऊर्जा अपुरी असेल, तर अणू एकाच वेळी दोन कण शोषू शकतो, हे त्यांनी प्रबंधात गणिताने दाखवले. मात्र ही शक्यता प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या दिव्यांच्या उजेडात ती जवळजवळ शून्यच, म्हणून हे भाकीत तीस वर्षे कागदावरच राहिले. १९६० मध्ये लेसर आला आणि पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत त्याचा पडताळा मिळाला. १९६५ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी माणिक-लेसरने झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढला. त्यासाठी प्रत्येक अणूला सात प्रकाशकण लागतात.

भाकिताइतकीच वाट त्यांनाही पाहावी लागली. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर यांच्याशी विवाह करून त्या १९३० मध्ये बाल्टिमोरला आल्या. प्राध्यापकाच्या पत्नीला नेमणूक द्यायची नाही, हा तेथील विद्यापीठाचा दंडक. त्यांच्या वाट्याला एक खोली आणि जर्मन पत्रव्यवहार सांभाळण्याचे किरकोळ मानधन आले. कोलंबियातही आरंभी वेतन नव्हते. शिकागोत प्राध्यापकपद मिळाले, पण बिनपगारी. अर्धवेळ पगार आर्गॉन प्रयोगशाळेने दिला. एच-४ व्हिसावर पदवी बासनात बांधून ठेवावी लागलेल्या घरांना या हकिगतीतला सल वेगळा सांगायला नको. फरक एवढाच, की इथे आडवा आला तो देशाचा कायदा नव्हता, विद्यापीठांचा शिरस्ता होता.

या बिनपगारी वर्षांतच त्यांनी अणुकेंद्राची कवच-रचना उलगडली. एन्रिको फर्मी यांनी सहज विचारलेल्या एका प्रश्नातून त्यांना दुवा सापडला, असे सांगतात. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद मात्र पन्नाशी उलटल्यावर, १९६० मध्ये सॅन डिएगोला मिळाले आणि तेथे पोहोचताच पक्षाघाताने गाठले. तरीही त्या शिकवत राहिल्या. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भौतिकीत मेरी क्युरींनंतर हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. स्थानिक वृत्तपत्राने मथळ्यात त्यांची ओळख गावातील एक आई अशी करून दिली.

२० फेब्रुवारी १९७२ रोजी त्या निवर्तल्या. दोन प्रकाशकण शोषण्याची रेणूची क्षमता आज ज्या एककात मोजतात, त्याचे नाव गोपर्ट-मायर आहे.