डेसिडेरियस इरॅस्मस

डेसिडेरियस इरॅस्मस (जन्म : रॉटरडॅम, सुमारे १४६६, मृत्यू : बाझेल, १२ जुलै १५३६) हा युरोपीय प्रबोधनकाळातील डच विद्वान, धर्मगुरू व ग्रंथसंपादक होता. बायबलमधील नव्या कराराची छापून प्रसिद्ध झालेली पहिली ग्रीक संहिता त्याने १५१६ मध्ये संपादित केली. पुढील सुमारे तीन शतके युरोपातील बहुतेक प्रॉटेस्टंट भाषांतरे याच परंपरेतील संहितेवर आधारलेली होती.

जीवन आणि ग्रीकचा अभ्यास

इरॅस्मसचे वडील धर्मगुरू होते व आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. डेव्हेंटर येथे शिक्षण चालू असताना तो पोरका झाला. पालकांच्या आग्रहावरून त्याने स्टेन येथील मठात प्रवेश केला. १४९२ मध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढे पॅरिस आणि इंग्लंड येथे राहिल्यावर ग्रीकवाचून बायबलचा अभ्यास अपुरा आहे, अशी त्याची खात्री झाली आणि तिशी उलटल्यावर त्याने ही भाषा नेटाने आत्मसात केली.

१५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात त्याला इटालियन पंडित लोरेन्झो व्हाला याच्या टिपणांचे हस्तलिखित सापडले. चर्चमध्ये रूढ असलेले व्हल्गेट हे लॅटिन भाषांतर ग्रीक मुळाशी ताडून व्हालाने त्यातील विसंगती नोंदवल्या होत्या. इरॅस्मसने ही टिपणे १५०५ मध्ये छापवली. १५११ ते १५१४ या काळात त्याने केंब्रिज येथे ग्रीक शिकवले. त्याचा ‘मूर्खपणाची स्तुती’ हा उपरोधिक ग्रंथ १५११ मध्ये प्रसिद्ध झाला.

नव्या कराराची संहिता

बाझेलचा मुद्रक योहान फ्रोबेन याच्याकडे ही संहिता सुमारे सहा महिन्यांत छापून झाली. ग्रीक मजकुराशेजारी इरॅस्मसने सुधारलेले लॅटिन भाषांतर होते व शेवटी टिपणे होती. त्याच्या हाताशी मोजकीच आणि बरीचशी उत्तरकालीन हस्तलिखिते होती. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या एकमेव उपलब्ध हस्तलिखिताचे शेवटचे पान गहाळ होते. त्यामुळे अखेरच्या सहा ओव्या त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये रचल्या. ग्रीक हस्तलिखितांत जेथे जीवनाचे ‘झाड’ आहे, तेथे लॅटिनमधील चुकीमुळे जीवनाचे ‘पुस्तक’ आले, आणि हा पाठ पुढील अनेक भाषांतरांत टिकून राहिला. घाईमुळे दोष राहिल्याचे त्याने स्वतःच मान्य केले. १५१९, १५२२, १५२७ व १५३५ मध्ये त्याने सुधारित आवृत्त्या काढल्या.

शब्दांवरून वाद

‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ मन पालटणे, भानावर येणे असा आहे. व्हल्गेटमधील शब्दप्रयोगावरून मात्र प्रायश्चित्ताचा चर्चप्रणीत विधी करावा, असा अर्थ घेतला जाई. इरॅस्मसने हा भेद दाखवल्यामुळे त्या विधीचा शास्त्राधारच प्रश्नांकित झाला. १५१९ मध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या ‘लोगोस’साठी त्याने ‘व्हर्बुम’ (शब्द) ऐवजी ‘सेर्मो’ (भाषण, संवाद) हा लॅटिन प्रतिशब्द योजला, तेव्हा त्याच्यावर कडाडून टीका झाली. मराठी बायबलमध्ये या दोन संज्ञांसाठी ‘पश्चात्ताप’ आणि ‘शब्द’ हे प्रतिशब्द रूढ आहेत.

त्रैक्यविषयक वाक्य

योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पिता, शब्द व पवित्र आत्मा यांचे ऐक्य सांगणारे वाक्य व्हल्गेटमध्ये होते. आपल्या ग्रीक हस्तलिखितांत ते न आढळल्याने इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांतून ते वगळले. त्यामुळे एडवर्ड ली व स्पॅनिश विद्वान सुनिगा यांनी त्याच्यावर हल्ला चढवला. व्हॅटिकनमधील प्राचीन हस्तलिखितातही ते नसल्याचे रोममधील त्याचा मित्र बोंबासिओ याने १५२१ मध्ये कळवले. दरम्यान इंग्लंडमध्ये हे वाक्य असलेले एक हस्तलिखित पुढे आले. ते आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे. त्याविषयी साशंक असूनही निंदेला वाव राहू नये म्हणून इरॅस्मसने १५२२ मध्ये ते वाक्य समाविष्ट केले. असे हस्तलिखित दाखवल्यास वाक्य छापण्याचे वचन त्याने दिले होते, या प्रचलित कथेला मात्र पुरावा मिळत नाही.

प्रभाव

मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरासाठी, तसेच विल्यम टिंडेलने १५२६ च्या इंग्रजी भाषांतरासाठी इरॅस्मसची संहिता वापरली. तो स्वतः मात्र अखेरपर्यंत रोमन चर्चमध्येच राहिला. तरीही १५५९ मध्ये पोपच्या निषिद्ध ग्रंथसूचीत त्याचे सर्व लेखन घातले गेले. दुसरीकडे, पुढील संपादकांनी थोड्याफार फरकाने छापलेली त्याची संहिता ‘सर्वमान्य संहिता’ म्हणून प्रॉटेस्टंट जगात प्रमाण ठरली आणि तिच्यात बदल करणेही अनेकांना अधर्म वाटू लागले. १८३१ मध्ये कार्ल लाखमान याने ती बाजूला सारून प्राचीन हस्तलिखितांवर आधारित संहिता प्रसिद्ध केली. जुन्या हस्तलिखितांच्या आधारे रूढ पाठ तपासण्याची इरॅस्मसची पद्धत अशा रीतीने त्याच्याच संहितेला लावली गेली.