ज्याला इंग्रज सरकारने मुंबईतून हाकललं, त्याच इंग्रज संपादकाचं नाव हॉर्निमन सर्कलला आहे

एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढला नाही असा मुंबईकर शोधावा लागेल. त्या पायऱ्यांवरून समोर पाहिलं की एक गोल बाग दिसते आणि तिच्याभोवती कमानी असलेल्या जुन्या दगडी इमारतींचं कडं दिसतं. हे हॉर्निमन सर्कल.

नाव ऐकून वाटतं, असेल कुणीतरी गव्हर्नर नाहीतर लष्करातला साहेब. पण गव्हर्नरचं नाव या जागेला आधी होतं. तेव्हा हे एल्फिन्स्टन सर्कल होतं. स्वातंत्र्य मिळालं, ठिकठिकाणची इंग्रजांची नावं बदलायला सुरुवात झाली आणि त्या लाटेत इथलं एका इंग्रजाचं नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचं नाव देण्यात आलं.

हा दुसरा इंग्रज म्हणजे बेंजामिन गाय हॉर्निमन. पेशाने पत्रकार. इंग्रज सरकारला हा माणूस इतका खुपला की १९१९ मध्ये त्याला खटला न चालवता मुंबईतून उचलून इंग्लंडला पाठवण्यात आलं. तेव्हा जालियनवाला बाग हत्याकांडाला फक्त १३ दिवस झाले होते.

हॉर्निमन यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. मुलगा मात्र पत्रकारितेत शिरला. इंग्लंडमधल्या काही वर्तमानपत्रांत काम करून १९०६ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि स्टेट्समन या इंग्रजी दैनिकात रुजू झाला. तेव्हा बंगालच्या फाळणीवरून वातावरण तापलेलं होतं. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत बसणारा साहेब सहसा क्लबमध्ये जे कानावर पडायचं तेच छापायचा. हॉर्निमन त्यातले नव्हते.

इकडे मुंबईत फिरोजशाह मेहतांना वेगळीच अडचण जाणवत होती. शहरात टाइम्स ऑफ इंडियाचा दबदबा होता आणि तो गोऱ्या साहेबांच्या बाजूचा. भारतीयांचं म्हणणं ठासून मांडणारं तोडीस तोड इंग्रजी दैनिक हवं म्हणून मेहतांनी १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल सुरू केलं आणि संपादक म्हणून हॉर्निमन यांना आणलं. थोड्याच काळात क्रॉनिकल मुंबईतल्या राजकारणाचा आवाज झालं.

हॉर्निमन नुसते अग्रलेख लिहून थांबले नाहीत. ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगमध्ये ते पदाधिकारी होते. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या गौरवासाठी टाउन हॉलमध्ये सभा ठेवली गेली, तेव्हा ती उधळायला जे लोक आत शिरले त्यांच्यात बॅरिस्टर जिनांसोबत हॉर्निमनही पुढे होते. हा टाउन हॉल म्हणजे आजची एशियाटिकची इमारत. ज्या चौकाला पुढे त्यांचं नाव लागलं, त्याच्या अगदी समोर हा राडा झाला होता.

मग आलं १९१९ साल.

महायुद्ध संपलं होतं. युद्धकाळातले कडक कायदे आता जातील असं लोकांना वाटत होतं, पण सरकारने रौलट कायदा आणला. संशयावरून खटल्याशिवाय डांबून ठेवायची सोय त्यात होती. गांधीजींनी सत्याग्रह सभा काढली आणि हॉर्निमन तिचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे मुंबईतल्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकाचा गोरा संपादक आता उघडपणे कायदा मोडायची शपथ घेणाऱ्यांत होता.

पंजाबात परिस्थिती जास्त चिघळली. १० एप्रिलला अमृतसरमध्ये दोन नेत्यांना पकडून शहराबाहेर नेलं. त्याचा जाब विचारायला निघालेल्या लोकांवर लष्कराने गोळ्या चालवल्या. त्यानंतर भडकलेल्या जमावाने पाच युरोपियनांचा जीव घेतला आणि एका इंग्रज मिशनरी बाईवर हल्ला केला.

तीन दिवसांनी, १३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी जनरल डायर जालियनवाला बागेत सैनिक घेऊन गेला. लोकांना निघून जा असं सांगितलंही नाही. साधारण १० मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा आहे. काँग्रेसच्या चौकशी समितीने तो सुमारे हजार धरला. संध्याकाळनंतर संचारबंदी असल्यामुळे अनेक जखमी रात्रभर तिथेच पडून राहिले.

दोन दिवसांत लष्करी कायदा लागला. ज्या गल्लीत मिशनरी बाईवर हल्ला झाला होता, त्या गल्लीतून जाणाऱ्या भारतीयांना पोटावर सरपटत जायला लावलं. ठिकठिकाणी लोकांना उघड्यावर फटके मारले गेले.

आता प्रश्न असा की हे सगळं जगाला कधी कळलं?

आज कुठे गोळीबार झाला तर पाच मिनिटांत व्हिडिओ मोबाईलवर येतो. १९१९ मध्ये पंजाबातून बातमी बाहेर पडायचे मार्ग म्हणजे तार, टपाल, रेल्वेने प्रवास करणारी माणसं आणि वर्तमानपत्रं. सरकारने हे मार्ग एकेक करून आवळले. बातम्यांवर सेन्सॉर बसलं. गांधीजी पंजाबकडे निघाले होते, त्यांना वाटेत पलवलला रेल्वेतून उतरवून परत पाठवलं. सी. एफ. अँड्रयूज यांनाही पंजाबात जाऊ दिलं नाही. लाहोरच्या ट्रिब्यूनचे संपादक कालीनाथ रॉय यांना अटक करून लष्करी कायद्याखाली दोन वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. पुढे ती कमी करून तीन महिने केली, पण इतर संपादकांना जायचा तो इशारा गेला होता.

आणि २६ एप्रिलला मुंबईत हॉर्निमन यांना हद्दपारीचा हुकूम बजावून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवलं.

यासाठी युद्धकाळातला डिफेन्स ऑफ इंडिया कायदा वापरला गेला. भारतमंत्री माँटेग्यू यांनी मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कारण सांगितलं. दिल्लीत सैनिकांनी मऊ टोकाच्या, म्हणजे शरीरात शिरल्यावर पसरून भयंकर जखम करणाऱ्या गोळ्या वापरल्या असा आरोप क्रॉनिकलने छापला, आणि ब्रिटिश सैनिकांना भडकवण्यासाठी हा अंक त्यांच्यात फुकट वाटला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. आरोप गंभीर होता. क्रॉनिकलची बातमी खोटी असती तर सरकारला ती कोर्टात खोटी पाडता आली असती. पण खटलाच भरला नाही. संपादकाला बोटीवर चढवलं की पुरावे द्यावे लागत नाहीत आणि त्याचा उलटा जबाबही ऐकावा लागत नाही.

क्रॉनिकलवर सेन्सॉर लादलं गेलं आणि पेपर काही काळ बंद पडला.

यातून सरकारला नको असलेली एक गोष्ट मात्र घडली. क्रॉनिकलशी संबंधित असलेली उमर सोबानी, शंकरलाल बँकर ही मंडळी यंग इंडिया नावाचं एक साप्ताहिकही चालवायची. हॉर्निमन गेले, क्रॉनिकल बंद झालं, तेव्हा त्यांनी गांधीजींना यंग इंडिया हातात घ्यायला सांगितलं. एका संपादकाला घालवल्यामुळे गांधीजी इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक झाले. ११ मे रोजी हॉर्निमन यांच्यासाठी मुंबईत शांततेत हरताळही पाळला गेला.

तिकडे लंडनमध्ये काय छापून येत होतं?

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सरकारकडून आलेली माहिती अगदी थोडक्यात होती. अमृतसरमध्ये जमावाने सभाबंदीचा हुकूम मोडला, गोळीबार झाला, दोनशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. गोळीबार कुणी केला, किती वेळ केला, लोकांच्या हातात शस्त्रं होती का, बाहेर जायला वाट होती का, यातलं काहीच त्यात नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं की दंगल झाली आणि पोलिसांनी ती आवरली. युरोपियनांच्या हत्यांची माहिती लोकांपर्यंत पोचली होती, बागेत मेलेली माणसं मात्र एका गोळाबेरीज आकड्यात गेली. सरकारने मृतांची नावं गोळा करायला सुरुवात केली ती ऑगस्टमध्ये, म्हणजे चार महिन्यांनी.

खरी वाचा फुटली ती हंटर कमिटीसमोर. १९ नोव्हेंबरला लाहोरमध्ये डायरची साक्ष झाली. कमिटीत मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना डायरने स्वतःच कबूल केलं की वाट रुंद असती तर चिलखती गाड्या आत नेऊन मशीनगनही वापरल्या असत्या. ही साक्ष डिसेंबरमध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत आली आणि खळबळ माजली. तेव्हा भारतमंत्र्यांनी सांगितलं की हे तपशील आपल्यालाही वर्तमानपत्रांतूनच कळले.

गोळीबार एप्रिलचा आणि तपशील डिसेंबरचे. मध्ये आठ महिने गेले. हॉर्निमन यांच्यासारख्या लोकांना बाजूला केल्याने सरकारला काय मिळालं, तर हे आठ महिने.

हॉर्निमन इंग्लंडमध्ये गप्प बसले नव्हते. भाषणं, लेख, खासदारांच्या भेटी सुरू होत्या. १९२० मध्ये त्यांचं अमृतसर अँड अवर ड्युटी टू इंडिया हे पुस्तक आलं. ते इंग्लंडमधल्या वाचकासाठी होतं. पंजाबात जे झालं ते तुमच्या नावावर झालं, मग जबाबदारीही तुमचीच, हा त्याचा गाभा होता.

सोशल मीडियावर एक गोष्ट नेहमी फिरते की हॉर्निमन यांनी जालियनवाला बागेतल्या गोळीबाराचे फोटो चोरून लंडनला नेले. त्या गोळीबाराचा फोटो अस्तित्वातच नाही. पंजाबातल्या कसूरमध्ये लोकांना बांधून फटके मारले जात होते, त्याची छायाचित्रं मात्र भारताबाहेर पोचली आणि १९२० मध्ये हॉर्निमन यांनी ती छापली. बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या त्या मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी. काँग्रेसच्या समितीने सुमारे १,७०० जबान्या तपासल्या. त्या समितीत गांधीजींसोबत मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. म्हणजे पंजाबचं सत्य बाहेर आणायला बरेच हात लागले, हॉर्निमन त्यातले एक होते.

आणि सत्य बाहेर आलं म्हणून सगळे एका बाजूला झाले असंही नाही. जुलै १९२० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये डायरच्या बाजूने १२९ विरुद्ध ८६ मतं पडली. लंडनच्या मॉर्निंग पोस्टने त्याच्यासाठी फंड उघडला आणि वाचकांनी २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमा केली. एक इंग्रज संपादक डायरच्या कृत्यावर पुस्तक लिहीत होता आणि दुसरं इंग्रजी वर्तमानपत्र त्याच डायरसाठी वर्गणी गोळा करत होतं.

हॉर्निमन यांना भारतात परत यायचं होतं, पण पासपोर्ट मिळेना. त्यांच्यासाठी पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, मुंबईत सभा झाल्या. सरकार हललं नाही. शेवटी जानेवारी १९२६ मध्ये कायद्यातली पळवाट शोधून ते दक्षिण भारतात उतरले आणि तिथून मुंबईत पोचले. सात वर्षांनी ते आपल्या शहरात परत आले होते.

त्यानंतर त्यांनी पुन्हा क्रॉनिकल सांभाळलं. १९३३ पासून बॉम्बे सेंटिनेल हे सायंदैनिक चालवलं. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्यासोबत ब्लिट्झ सुरू करण्यातही त्यांचा हात होता. पुढे कित्येक वर्षं सत्ताधाऱ्यांच्या नाकी नऊ आणणारं तेच ब्लिट्झ.

ऑक्टोबर १९४८ मध्ये ते गेले. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःच्याच सरकारशी भांडले, तो देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला.

त्या एप्रिलमधली सरकारी बातमी आज वाचली तर तिच्यात ठळक खोटं फारसं सापडत नाही. गोळीबार झाला होता, लोकही मेले होते. गोळी कुणी झाडली आणि कुणावर झाडली, एवढंच तिच्यात नव्हतं. आजही कुठल्या बातमीत गोळीबार झाला एवढंच लिहिलेलं दिसलं, तर तो कुणी केला हे पुढच्या ओळीत आहे का ते बघायला हवं. नसेल तर ती बातमी अजून अर्धीच आहे.