मरणाऱ्यांच्या उशाशी : मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन रात्री रोग्यांमधून फिरणाऱ्या नाइटिंगेलबाईंचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिले असेल. परंतु त्या दिव्याच्या उजेडात जे दिसले, त्याचे ओझे बाईंनी किती वर्षे वाहिले, हे थोड्यांसच ठाऊक आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. देव आपणांस सेवेसाठी बोलावीत आहे, अशी त्यांची १८३७ साली खात्री झाली. त्या काळी इंग्लंडात दवाखान्यातील चाकरी हलकी समजली जाई; म्हणून घरच्यांनी फार विरोध केला. तरी १८५१ साली त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे पाळक फ्लीडनर ह्यांच्या संस्थेत राहून शुश्रूषेचे शिक्षण घेतले.

क्रिमियाचे युद्ध चालू असता, ४ नोव्हेंबर १८५४ रोजी, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्थानातील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोचल्या. तेथे जखमांपेक्षा पटकी, हगवण व ताप ह्यांनीच अधिक शिपाई मरत. शेवटच्या घटकेस कोणी एकटा नसावा, म्हणून बाई स्वतः उशाशी बसत, आणि मग मृताच्या आईस किंवा पत्नीस पत्र लिहीत. त्या एका हिवाळ्यात सुमारे २,००० मृत्यू आपण जवळून पाहिले, असा त्यांचाच अंदाज होता. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारी मंडळींनी येऊन गटारे साफ करविली, हवा खेळती केली. तेव्हा जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनवर आले.

ऑगस्ट १८५६ मध्ये बाई परतल्या, त्या निराळे नाव धारण करून. मिरवणूक व सत्कार त्यांस नको होते. पुढे १८५७ साली विल्यम फार ह्यांच्या साहाय्याने त्यांनी मृतांचे आकडे तपासले. तेव्हा इस्पितळातील घाणीनेच कितीतरी माणसे मेली, हे स्पष्ट झाले. ज्यांचे डोळे आपण मिटले, त्यांतील बहुतेक वाचले असते, हे कळणे किती दुःसह! त्याच वर्षी त्यांची प्रकृती ढासळली. युद्धभूमीवरील तापाचा अंश अंगी होताच. पण त्या मृतांची आठवणही त्यांस सोडीना. पुढे अनेक वर्षे त्या बहुधा खोलीतच असत, आणि पाहुण्यांस एकेकटेच भेटत.

तरी त्या खोलीतून काम थांबले नाही. १८६० साली लंडनात परिचारिकांची शाळा निघाली. भारतातील गोऱ्या सैन्यात दर वर्षी हजारी ६९ शिपाई मरत. त्यासंबंधीच्या चौकशीत त्यांनी फार श्रम घेतले. शाळेतील मुलींस त्या एकेक करून घरी बोलावीत, चहा देत आणि त्यांची सुखदुःखे ऐकून घेत. १३ ऑगस्ट १९१० रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. थडग्यावर केवळ नावाची आद्याक्षरे व जन्ममृत्यूची वर्षे आहेत.

प्रिय वाचकहो, पटकीच्या वा प्रसूतीच्या घरी रात्र काढून परतलेल्या प्रचारकास किंवा नर्सबाईस अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. तेव्हा त्यांचा विश्वास डळमळला असे कोणी म्हणू नये. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयास देवाने प्रथम बोल लावला नाही. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले. अशा सेवकाच्या दारी जाऊन मंडळीने तेवढे तरी करावे.